नवलाचे रंग : बालपण, स्वप्न आणि आपली चित्रकला

मोहाडी-तुमसर भागातल्या कुठल्याही शाळेत चित्रकला स्पर्धेचे कागद चाळले, तर बहुतेक कागदांवर दोन टोकदार डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी आणि उतरत्या छपराचे एक घर भेटते. या मुलांच्या रोजच्या वाटेवर भाताच्या बांध्या असतात, मामा तलाव असतात, चौंडेश्वरीच्या देवळाची जत्रा असते, करवती काठाचे लुगडे विणणारा माग असतो. यातले कागदावर फार थोडे उतरते. याच घरांतल्या मोबाइलवर मात्र निराळी चित्रे येऊन पोचली आहेत. त्यांत मोठ्या डोळ्यांच्या मुली असतात, ढगांतून पोहणारे देवमासे असतात, गुलाबी जंगले असतात, खेळण्यांच्या आकाराची शहरे असतात. या शैलीला जगभर पॉप सर्रिअलिझम म्हणतात. ती काढणारे चित्रकार आपली प्रेरणा बालपणातल्या नवलाईत असल्याचे सांगतात. कलामहाविद्यालयांतली मुले ती आवडीने पाहतात आणि तशी काढूनही बघतात.

या चित्रांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना हा कल्पनेचा खरा उत्सव वाटतो, तर काहींना ती गोड, सजावटी आणि परकी वाटतात. या वादाची पार्श्वभूमी काय, मराठी चित्रकलेत याच्याशी नाते सांगणारे काय घडले, आणि पूर्व विदर्भातून पाहताना हा प्रश्न कसा दिसतो, याचा आढावा येथे घेतला आहे.

तीन गोष्टींची सरमिसळ

या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा घसरते, कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली बोलल्या जातात. पहिली, मुलांनी स्वतः काढलेले चित्र. दुसरी, मोठ्यांनी मुलांसाठी काढलेले चित्र, म्हणजे पुस्तकातले, मासिकातले. तिसरी, जाणत्या चित्रकाराने आपल्या लहानपणाच्या आठवणीतून आणि भीतीतून काढलेले, मोठ्यांनी पाहायचे चित्र. या तिन्हींचे हेतू वेगळे आणि कसोट्याही वेगळ्या. पॉप सर्रिअलिझम हा तिसऱ्या प्रकारातला आहे. त्याचे रंग आणि पात्रे दुसऱ्या प्रकारातून आलेली असतात आणि त्याचे समर्थन मात्र पहिल्या प्रकाराच्या आधाराने केले जाते. हा गुंता लक्षात ठेवला, तर पुढचे मतभेद समजायला सोपे जातात.

व्हिएन्नापासून लॉस एंजेलिसपर्यंत

मुलांच्या चित्राकडे कला म्हणून पाहण्याची सुरुवात युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. फ्रान्झ चिझेक यांनी 1897 मध्ये व्हिएन्नात मुलांसाठी कलावर्ग उघडला आणि मुलांना नमुना गिरवायला न लावता मनातले काढू दिले. पाउल क्ले यांनी 1911 पासून आपल्या चित्रांची यादी ठेवायला घेतली, तेव्हा स्वतःच्या लहानपणीची काही रेखाटनेही त्यांनी तिच्यात घातली. आपल्या कलेचा आरंभ तिथे आहे, हे त्यांनी अशा रीतीने नोंदवून ठेवले. त्याच 1911 मध्ये मार्क शगाल यांनी आपल्या गावाचे ते प्रसिद्ध चित्र रंगवले, ज्यात हिरव्या चेहऱ्याचा माणूस आणि गाय समोरासमोर आहेत आणि मागची काही घरे उलटी उभी आहेत.

आंद्रे ब्रेताँ यांचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा 1924 मध्ये आला. त्याच्या आरंभीच बालपणाचा विषय आहे. माणूस मोठा होताना कल्पनेला उपयोगाच्या चौकटीत कोंबतो आणि तिथेच काहीतरी हरवते, असा त्यातला रोख. माक्स एर्न्स्ट यांनी तर लहानपणी आजारपणात पलंगासमोरच्या लाकडी फळीवर दिसलेल्या आकृत्यांपर्यंत आपल्या चित्रांचा माग नेला. पण या चित्रकारांचे बालपण गोड नव्हते. त्यात ताप होता, अंधार होता, पक्ष्यांची भीती होती. पुढच्या वादात हा तपशील वारंवार विसरला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मोठ्या कलादालनांत अमूर्त चित्रकलेचा जोर झाला आणि गोष्ट सांगणारी चित्रे बाजूला पडली. ती कॉमिक्समध्ये, पोस्टरांवर, रंगवलेल्या मोटारींवर आणि खेळण्यांत जिवंत राहिली. कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट विल्यम्स यांच्यासारख्या चित्रकारांनी हीच भाषा कॅनव्हासवर आणली. 1986 मध्ये लॉस एंजेलिसात ला लूझ दे जेझूस हे दालन उघडले, 1994 मध्ये जक्सटापोझ हे मासिक निघाले, आणि 1998 मध्ये कनेटिकटमधल्या ऑल्ड्रिच संग्रहालयाने पॉप सर्रिअलिझम या नावानेच प्रदर्शन भरवले. त्याच वर्षी मार्क रायडन यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. काचेच्या बाहुल्यांसारख्या मुली, मांसाचे तुकडे, मधमाश्या आणि अब्राहम लिंकन एकाच चित्रात, तेही जुन्या युरोपीय चित्रकारांच्या थरावर थर देणाऱ्या कसबाने रंगवलेले, हे त्यांच्या कामाचे रूप. जपानमध्ये ताकाशी मुराकामी यांनी 2000 च्या सुमारास सुपरफ्लॅट हा विचार मांडला आणि कार्टून व जुनी जपानी मुद्राचित्रे यांच्यातले अंतर पुसले. योशितोमो नारा यांची रागीट नजरेची लहान मुले त्याच काळातली.

या सगळ्यांत समान दिसते ते असे की हात अत्यंत तयार आहे आणि विषय लहानपणाचा आहे. म्हणजे लहान मुलासारखे रंगवणे आणि लहानपणाविषयी रंगवणे या दोन वाटा आहेत. क्ले पहिल्या वाटेने गेले, रायडन दुसऱ्या.

मराठी चित्रकलेतली वाट

आपल्याकडे क्लेंचे नाव लवकर पोचले. डिसेंबर 1922 मध्ये कोलकात्यात बाउहाउसच्या चित्रकारांचे प्रदर्शन झाले आणि त्यात क्ले व कांडिन्स्की यांची चित्रे होती. मुंबईत त्यांचा खरा प्रभाव स्वातंत्र्यानंतर दिसतो. नागपुरात 1924 मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे पुढे अमूर्त चित्रांसाठी जगभर ओळखले गेले, पण त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत क्लेंच्या रेषेचा खेळकरपणा स्पष्ट आहे. प्रभाकर कोलते यांच्याही आरंभीच्या कामात तो सापडतो.

या पिढ्या घडवणाऱ्या शिक्षकांपैकी एक आपल्या भंडारा जिल्ह्यातले. शंकर पळशीकर यांचा जन्म 1916 मध्ये साकोलीचा. सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे शिकवले आणि पुढे ते तिथले अधिष्ठाता झाले. ज. जी. मधून बाहेर पडलेल्या कितीतरी चित्रकारांनी त्यांचे ऋण मानले आहे. साकोलीत किंवा भंडाऱ्यात त्यांचे चित्र पाहायला मिळावे अशी सोय असायला हवी होती, एवढे येथे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

स्वप्नचित्राचा प्रश्न मात्र प्रभाकर बरवे यांच्यापाशी येऊन थांबतो, आणि तिथे थोडे रेंगाळले पाहिजे. बरवे यांचा जन्म 1936 चा, कोकणातल्या नागावचा. शिक्षण ज. जी. मध्ये. त्यानंतर त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली आणि काही वर्षे वाराणसीत काढली. हातमागासाठी नवे नमुने तयार व्हावेत म्हणून ही केंद्रे उभी राहिली होती. अकोल्याचे अंबादास, के. जी. सुब्रमण्यन, जेराम पटेल अशा अनेक चित्रकारांनी तिथे काम केले. आधुनिक भारतीय चित्रकला आणि विणकराचा माग यांची गाठ इतक्या जवळून पडल्याचे आंधळगाव-मोहाडीच्या कोष्टी वस्तीत फारसे कोणाला ठाऊक नसावे.

वाराणसीत बरव्यांवर तांत्रिक प्रतिमांचा प्रभाव पडला. पुढे तो मागे सरला आणि त्यांची स्वतःची भाषा तयार झाली. सपाट, गुळगुळीत, एनॅमल रंगात रंगवलेली पार्श्वभूमी, आणि तिच्यावर एखादे पान, घड्याळ, टाचणी, फळ, ढग. वस्तू ओळखीच्या, पण त्यांना वजन नाही. सावली वस्तूशी जुळत नाही. लहान वस्तू मोठी होते, आकाश टेबलावर येते. 1990 मध्ये मौज प्रकाशनाने काढलेल्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात त्यांनी आपल्या पाहण्याची प्रक्रिया मराठीत लिहून ठेवली. चित्रकाराने स्वतःच्या भाषेत इतके बारकाईने लिहिलेले पुस्तक आपल्याकडे विरळाच. 1995 मध्ये ते गेले. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले.

बरव्यांच्या चित्रांत मूल नाही, खेळणे नाही, भडक रंगही नाही. तरी पहिल्यांदा एखादी वस्तू पाहणाऱ्या मुलाच्या मनात जे होते, तेच त्यांचे चित्र पाहताना होते. बालपणाचे नवल दाखवायला बालपणाची चिन्हे लागत नाहीत, हे मराठी चित्रकलेत त्यांच्याइतके कोणी सिद्ध केले नाही, असे माझे मत आहे.

दुसऱ्या टोकाला बद्री नारायण. सिकंदराबादला जन्मलेले, पण आयुष्याचा मोठा भाग मुंबईत काढलेले हे स्वयंशिक्षित चित्रकार. पऱ्या, राजपुत्र, हंस, एकशिंगी प्राणी, बोधिसत्त्व अशा पात्रांची छोट्या आकाराची चित्रे त्यांनी काढली, मुलांच्या पुस्तकांसाठी काम केले आणि शाळेत मुलांना शिकवलेही. 1987 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वर सांगितलेल्या तिन्ही प्रकारांना एका हाताने स्पर्श करणारे ते दुर्मीळ उदाहरण. समीक्षेत त्यांच्याविषयी गायतोंडे किंवा बरवे यांच्या मानाने खूपच कमी लिहिले गेले.

‘पॉप’ या बाजूने पाहिले, तर मुंबईत जन्मून बडोद्यात स्थिरावलेले भूपेन खख्खर महत्त्वाचे. 1960 च्या दशकात त्यांनी देवादिकांच्या छापील चित्रांचे तुकडे आपल्या कामात आणले आणि बाजारातले रंग उच्च कलेत नेले. ते बालपणाचे चित्रकार नव्हेत, पण त्यांनी उघडलेल्या दारातून पुढचे बरेच जण आत आले.

छापील कागदावरचे स्वप्नलोक

मराठी मुलाच्या मनातले पहिले अद्भुत चित्र कलादालनातून आलेले नसते. ते भिंतीवरच्या कागदावरून येते. श्रावणात लागणारा जिवतीचा कागद आठवून पाहावा. खांबातून निघालेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, हत्ती आणि वाघ यांच्यावर बसलेले बुध-बृहस्पती, हे सगळे एकाच कागदावर, कशाचा कशाशी देखावा म्हणून संबंध नसताना. कोणत्याही अतिवास्तववादी चित्राला लाजवील अशी ही रचना पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी पुजली गेली. पुण्याचा चित्रशाळा छापखाना आणि 1894 मध्ये सुरू झालेला रविवर्मांचा छापखाना यांनी अशा रंगीत चित्रांची सवय महाराष्ट्राला लावली.

त्यानंतर रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरे आणि दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे आली. दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. मद्रासहून येणाऱ्या ‘चांदोबा’ने शंकर आणि चित्रा या चित्रकारांच्या कुंचल्यातून राक्षस, वेताळ आणि उडते घोडे खेड्यापाड्यांत नेले. बालभारतीने 1971 मध्ये ‘किशोर’ सुरू केले. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर पाहता येतात, आणि मराठी बोधचित्रांचा इतका मोठा साठा दुसरीकडे क्वचितच सापडेल. राम वाईरकर यांनी अमर चित्रकथा आणि टिंकलसाठी काढलेली चित्रे तर देशभर गेली.

माधुरी पुरंदरे यांची वाट वेगळी. त्यांच्या पुस्तकांत उडते घोडे नाहीत. स्वयंपाकघर आहे, अंगण आहे, हट्ट करणारे मूल आहे, आणि ते इतक्या जवळून पाहिलेले आहे की नेहमीचेच घर नवे वाटते. 2014 मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नवल कल्पनेत असते की निरीक्षणात, या प्रश्नाचे एक ठाम उत्तर त्यांच्या कामात आहे.

झाडीपट्टीतले साठे

आता आपल्या भागाकडे. 1999 पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकल्यानंतर काही काळ गोंदियाला चित्रकला-शिक्षक होते. त्यांचे बालपण मंडला जिल्ह्यातल्या जंगलात गेले. रात्रीच्या अरण्याची भीती, गोंडांचे नाच, नर्मदा, आणि चंचल मुलाचे लक्ष एका जागी राहावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर काढून दिलेला एक ठिपका, या आठवणी त्यांनी आयुष्यभर सांगितल्या. पॅरिसमध्ये दशके काढल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर जो बिंदू स्थिरावला, त्याचा उगम त्यांनी तिथेच दाखवला. रझांना कोणी पॉप सर्रिअलिस्ट म्हणणार नाही. पण बालपणातून थेट चित्र कसे निघते, याचे आपल्या परिसरातले याहून मोठे उदाहरण नाही.

लाखनीचे भाऊ समर्थ हे दुसरे नाव. 1928 मध्ये जन्मलेले भाऊ नागपुरात राहिले. त्यांनी चित्रे काढली, हिंदी-मराठीत लेखन केले आणि साहित्यिकांच्या सहवासात आपली कला वाढवली. मुंबईच्या दालनांपासून दूर राहून आधुनिक चित्रकार होता येते, हे त्यांनी दाखवले, आणि त्या अंतराची किंमतही त्यांच्या कामाला मोजावी लागली. मोठ्या शहरांतल्या कला-इतिहासात त्यांच्यासाठी थोड्याच ओळी आहेत.

व्यक्तींइतकेच महत्त्वाचे आहेत ते सामूहिक साठे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुले लाकडी नंदीबैल सजवून, स्वतः वेश घेऊन दारोदारी जातात आणि बोजारा मिळवतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघुजीराजांनी ही प्रथा सुरू केली असे सांगतात. चाकांवर उभा, कपाळावर आरसे, पाठीवर रंगीत झूल असा हा बैल म्हणजे मुलाच्या उंचीवर आणलेले शेतकऱ्याचे सगळे जग. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. बांबू आणि कागदाच्या त्या अजस्र बाया पाहून मुले एकाच वेळी घाबरतात आणि खेचली जातात. अतिवास्तववाद्यांना बालपणात जे शोधायचे होते, ते इथे भर रस्त्यावर, ढोलताशांसह, दर वर्षी येते. नागपूरच्या चितारओळीतल्या कारागिरांचे मातीकाम आणि रंगकाम, आपल्याकडच्या कानोबाच्या मूर्ती हे सारे याच घरातले.

आणि झाडीपट्टीची नाटके. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने, शंकरपटाच्या रात्री, होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडसा हे मंडळ्यांचे केंद्र. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीचे नाव देशभर पोचले. पण नट आणि लेखक यांच्याविषयी जितके बोलले जाते, तितके तिच्या पडद्यांविषयी बोलले जात नाही. महाल, अरण्य, रस्ता, घर असे हाताने रंगवलेले पडदे, त्यांतली खोटी खोली, विजेच्या उजेडात पेटणारे निळे आणि गुलाबी, रात्रभर जागणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर एका क्षणात बदलणारी जागा. या भागातल्या मुलांनी पाहिलेली ही सर्वांत मोठी चित्रे. त्यांच्यावर चित्रकला म्हणून स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

जंगलाच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढसिंह श्याम 1980 च्या दशकात जे. स्वामिनाथन यांच्यामुळे भोपाळच्या भारत भवनात पोचले आणि परधान गोंडांच्या गाण्यांतले देव, झाडे, हरणे कागदावर आली. त्याच परंपरेतले भज्जू श्याम यांचे लंडनवरचे चित्रपुस्तक 2004 मध्ये निघाले. त्यात विमान हत्ती होते, बस कुत्रा होते आणि बिग बेनचे घड्याळ कोंबड्याशी एकरूप होते. वरवर पाहता हे शुद्ध पॉप सर्रिअलिझम. पण चित्रकाराच्या दृष्टीने हत्ती म्हणजे जडपणा, कोंबडा म्हणजे वेळ, कुत्रा म्हणजे इमान. त्यांनी आपल्या लोकांच्या चिन्हांत शहराचे वर्णन केले, एवढेच.

मतभेद कुठे आहेत

या पार्श्वभूमीवर आज चार प्रकारची मते दिसतात.

पहिले मत असे की बालपण हा कल्पनेचा मूळ झरा आहे आणि चित्रकाराने तिथे परत जाणे स्वाभाविक आहे. हर्बर्ट रीड यांनी 1943 मध्ये कलेतून शिक्षणाचा विचार मांडला, त्याच्या मुळाशी हीच श्रद्धा होती. या मताचे लोक म्हणतात की आपली आधुनिक चित्रकला फार गंभीर झाली, सामान्य माणूस तिच्यापासून तुटला, आणि रंगीत, गोष्ट सांगणारे चित्र त्याला पुन्हा दालनात आणते. हे शेवटचे म्हणणे हलके मानू नये. ज्यांनी कधी प्रदर्शन पाहिले नाही, त्यांना अशा चित्रासमोर उभे राहताना संकोच वाटत नाही.

दुसरे मत सजावटीच्या धोक्याचे. क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी 1939 मध्ये अस्सल नवकला आणि बाजारू नक्कल यांच्यात रेष ओढली. तिचा आधार घेऊन अनेक समीक्षक म्हणतात की मोठे डोळे, मऊ रंग आणि निरागस चेहरे यांनी भावना तयार मालासारखी मिळते, पाहणाऱ्याला काही करावे लागत नाही. अमेरिकेत मार्गारेट कीन यांच्या मोठ्या डोळ्यांच्या मुलांवर 1960 च्या दशकात हाच आक्षेप आला. पतीने ती चित्रे आपली म्हणून खपवली आणि 1986 मध्ये मार्गारेटना न्यायालयात बसून चित्र काढून आपला हात सिद्ध करावा लागला. ती हकीकत कळल्यावर अनेकांना त्या डोळ्यांतले दुःख खरे वाटू लागले. चित्र मात्र तेच होते.

तिसरे मत विचारते की हे बालपण कोणाचे? फिलिप आरिएस यांनी 1960 मध्ये दाखवले की बालपणाची आजची कल्पना युरोपात ठरावीक काळात घडली. भंडारा जिल्ह्यात बिडीकाम, तेंदूपाने, रोवणी यांत कितीतरी मुलांचे हात आई-बापांसोबत लागले. त्यांच्या आठवणीत खेळण्यांचे दुकान नाही. त्यांचे नवल वेगळे, भीतीही वेगळी. ती चित्रात आली नाही, तर बालपण या नावाखाली एका वर्गाचेच बालपण सर्वांचे म्हणून चालेल. यावर पहिल्या मताचे लोक जिव्या सोमा मशे यांचे उदाहरण देतात. लहानपणी आई गेल्यावर बोलणे सोडून मातीत रेघा ओढणारे हे मूल पुढे वारली चित्रकलेचे सर्वांत मोठे नाव झाले आणि 2011 मध्ये पद्मश्रीने गौरवले गेले. कष्टाच्या आणि दुःखाच्या बालपणातूनही अद्भुत चित्र येते, असा त्यांचा मुद्दा. दोन्ही बाजू येथे खरे बोलत आहेत.

चौथे मत देशी साठ्यांचे. तान्हा पोळा, मारबत, जिवती, गोंड चित्रे असताना कॅलिफोर्नियाची बाहुली कशाला, असे ते विचारते. साहित्यात भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादाशी याचे नाते आहे. याला उत्तर असेही दिले जाते की मारबत ही पीडा घालवण्याचा विधी आहे, गोंड देव हे दैवत आहे, आणि त्यांना स्वप्नचित्राचे साहित्य म्हणून उचलणे हीही एक प्रकारची उसनवारीच. स्वतः परधान चित्रकार आपल्या प्रतिमा वाटेल तशा बदलतात तो त्यांचा अधिकार. बाहेरच्या चित्रकाराला तो कितपत, यावर एकमत नाही.

माझा कल तिसऱ्या आणि चौथ्या मताच्या मध्ये कुठेतरी आहे. शैली कुठून आली याला फार महत्त्व देऊ नये, कारण क्लेही बाहेरूनच आले आणि गायतोंड्यांनी त्यांचे सोने केले. पण आठवण मात्र उसनी चालत नाही.

शाळेतला कागद

हा वाद दालनात होत असला तरी त्याची मुळे वर्गात आहेत. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी अनेक पिढ्यांना चित्रकलेची ओळख करून दिली. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन आणि स्मरणचित्र असे त्यांतले विषय. ज्या गावात दुसरे कसलेच कलाशिक्षण नाही, तिथे या परीक्षा हाच एक दरवाजा आहे, ही त्यांची मोठी बाजू. मुलाच्या आठवणीला त्यांत खरी जागा आहे ती स्मरणचित्रात. पण तिथेही जत्रा, पाऊस, बसथांबा यांचे तयार नमुने पाठ केले जातात, कारण दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात आणि ठराविक चित्र सुरक्षित वाटते.

शिक्षकांचा प्रश्न त्याहून कठीण. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील, तरच कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो. मोहाडी तालुक्यातल्या छोट्या गावांच्या शाळांना हा आकडा गाठणे अवघड. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला इतर विषयांशी जोडण्याचा आग्रह आहे. पण ते जोडणार कोण, हे प्रत्येक शाळेला आपापले शोधावे लागते.

जे अजून सुटलेले नाही

पहिला अनुत्तरित प्रश्न मूल्यमापनाचा. स्वप्नचित्र चांगले की नुसते गोड, हे कशावरून ठरवायचे? बरव्यांच्या चित्राला लावलेली कसोटी भज्जू श्याम यांना लागू होत नाही, आणि मराठीत या प्रकारावर सलग समीक्षा लिहिली गेलेली नाही.

दुसरा प्रश्न 2022 पासून उभा राहिला. चार शब्द टाइप केले की यंत्र उडता देवमासा आणि गुलाबी जंगल काही सेकंदांत देते. पॉप सर्रिअलिझमचे वरचे रूप इतके सहज मिळू लागल्यावर चित्रकाराकडे उरते ते त्याने स्वतः पाहिलेले. काहींच्या मते यामुळे ही शैली संपेल, तर काहींच्या मते उलट खरी आठवण असलेले चित्र आता वेगळे उठून दिसेल. निकाल लागायला वेळ आहे.

तिसरा प्रश्न नोंदीचा, आणि तो आपल्या हातातला आहे. झाडीपट्टीचे पडदे, तान्ह्या पोळ्याचे जुने लाकडी बैल, कानोबाच्या मूर्ती घडवणारे हात यांची पद्धतशीर नोंद व्हायला हवी. फ्लेक्सच्या छपाईने हाताने रंगवण्याचे काम सगळीकडेच आटले आहे. पडदा फाटला की टाकून दिला जातो आणि रंगवणाऱ्याचे नाव त्याच्याबरोबर जाते.

भंडारा-गोंदियाच्या वाचकांना म्हणून एक विनंती. यंदाच्या हंगामात आपल्या गावी नाटक आले, तर प्रयोग सुरू होण्याआधी पडद्यांची छायाचित्रे घ्या, ते कोणी आणि केव्हा रंगवले हे मंडळीला विचारून लिहून ठेवा. घरात जुना लाकडी बैल असेल तर तो कोणाकडून घडवून घेतला हे आजी-आजोबांना विचारा. ही टिपणे जवळच्या शाळेत किंवा ग्रंथालयात द्या, आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.